पेशंटच्या नकळत

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका मित्राचा व्हॉट्सॲप मेसेज आला. बडनेऱ्याला इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका बेंचवर काढली. तो अमरावतीतच राहिला, मी पुण्यात येऊन कोड लिहू लागलो. मेसेज एवढाच होता: "भाऊ, काकायले जे पावडर देल्ली होती तिचा नंबर हाय काय? दादासाठी पायजे. त्याले माहीत नाई पडलं पायजे."

नंबर माझ्याकडे आहे. मधल्या काळात दोन फोन बदलले, तरी बॅकअपमधून तो 'पावडर' याच नावानं परत येत राहिला. मी मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यानं नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

नंबर का देत नाहीये, हे मला त्याला नीट सांगता आलं पाहिजे. "ते चुकीचं आहे" एवढ्यानं भागणार नाही. कारण तेच मी केलेलं आहे, आणि ज्या दिवशी केलं त्या दिवशी मला ते चुकीचं वाटलं नव्हतं.

हे लिहायला बसण्याआधी बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिह. नाव नको टाकू." मग जरा थांबून, "मिलचंबी नको टाकू."

*

बाबा अकोल्यात एका दाल मिलमध्ये मुनीम आहेत. तुरीचे भाव तोंडपाठ, अक्षर छापल्यासारखं, आणि संध्याकाळी घरी येताना पव्वा. मी सातवीत होतो तेव्हा एकाचे दोन झाले. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य असायचं, "मारत तर नाई ना? मंग?" मारत नव्हते. फक्त आठ वाजले की घरातली तिघंही फाटकाच्या कडीचा आवाज ऐकत बसायची. कडी एका झटक्यात लागली तर बरी संध्याकाळ, दोन-तीनदा खडखडली तर नाही. ताई लग्न होऊन अमरावतीला गेली, तरी अजून कुठल्याही फाटकाचा आवाज आला की तिची मान वळते.

वऱ्हाडात वाढलेल्या प्रत्येकानं ती भिंत पाहिलेली असते. एसटी स्टँडमागची, रेल्वे फाटकाजवळची, एखाद्या बंद पडलेल्या जिनिंगच्या कंपाउंडची. ऑइल पेंटमध्ये मोठ्या अक्षरात 'दारू सोडवा', खाली मोबाइल नंबर आणि मधल्या ओळीत 'पेशंटच्या नकळत'. लहानपणी मी बसच्या खिडकीतून दिसेल ते सगळं वाचायचो, हेही वाचलं असणार. पण त्या मधल्या ओळीचा विचार मी पंचविशीपर्यंत केला नव्हता.

'टीबी बरा करा, पेशंटच्या नकळत' अशी पाटी कुणी रंगवत नाही. डायबेटिसचीही नाही. तिथे पेशंट आणि बरं होऊ इच्छिणारा माणूस एकच असतो, असं आपण धरून चालतो. दारूच्या बाबतीत आपण गृहीत धरतो की या माणसाला बरं व्हायचंच नाही. म्हणून ती पाटी त्याच्याशी बोलतच नाही. ती त्याच्या बायकोशी, आईशी, पोराशी बोलते. तो रस्त्यावरून जाताना ती पाटी वाचतो, आणि तिच्यात तो 'तिसरा माणूस' असतो.

*

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी अकोल्यातच अडकलो. वर्क फ्रॉम होम सुरू झालं, दारूची दुकानं बंद झाली. मला मनातून आनंद झाला होता. म्हटलं, चला, सरकारनं एका रात्रीत सोडवली.

तिसऱ्या रात्री बाबा चादरीवरून काहीतरी वेचत होते. विचारलं तर म्हणाले, "मुंग्या." मुंग्या नव्हत्या. हात इतके थरथरत होते की पाण्याचा गिलास दातांवर वाजत होता. घामानं बनियन भिजलेला. पहाटे ते माझ्याशी माझे आजोबा समजून बोलायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं दिसतं. एकाच्या भाजीच्या टेम्पोला पास होता, त्यातून त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मास्कमधून जे सांगितलं ते मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगनं आणि चौदा वर्षांच्या शेजारानं कधी सांगितलं नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूसोबत तोल साधून बसलेलं असतं. दारू मेंदूला दाबते, म्हणून मेंदू सतत उलटा जोर लावत राहतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकळा सुटतो. हात कापतात, फिट येते, नसलेल्या गोष्टी दिसतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकाएकी बंद करायची नसते. डॉक्टर काही दिवस शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे बी-वनची इंजेक्शनं. आठ दिवसांत बाबा चालत घरी आले. मे महिन्यात दुकानं उघडायला लागली आणि बाबा रांगेत होते.

'मनात आणलं तर आज सोडेल' या वाक्यावरचा माझा विश्वास त्या मुंग्यांच्या रात्री उडाला. पण मग त्याच्या जागी काय ठेवायचं हे कळेना. इच्छेनं सुटत नसेल, तर इच्छेला विचारायचं तरी कशाला? पुढचं सगळं इथून घडलं.

*

मी शोधायला लागलो. आमच्या धंद्यात प्रत्येक अडचण आधी सर्च बॉक्समध्ये टाकायची सवय असते. फोनवर जवळपासची व्यसनमुक्ती केंद्रं काढली. एका ठिकाणचा माणूस फारच तत्पर होता. म्हणाला, "तुम्ही फक्त ॲडव्हान्स टाका. आमची गाडी येते, चार पोट्टे येतात, झोपेतून उचलून नेतात. तीन महिने भेट नाई." मी फोन ठेवला, पण खरं सांगतो, लगेच नाही ठेवला. आधी रेट विचारला.

दुसऱ्या टोकाला पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, त्यातून डॉ. अनिता अवचटांनी हे केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी मदत दिली, 29 ऑगस्ट 1986 ला ते सुरू झालं. हे सगळं मराठी वाचणाऱ्या घराला माहीत असतं. मी पुण्यात राहतो, मला ते सोयीचंही होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्या येडा हाय काय? आन् पाचशे किलोमीटर? मिलमंधी काय सांगू?"

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशभराची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एक आकडा आहे: दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकाला कुठल्या ना कुठल्या प्रकारचे उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक. उरलेल्यांच्या घरातली माणसं काय करत असतील याचा अंदाज मला आहे. ती भिंतीवरचा नंबर लावत असतील.

कायदाही वाचला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारूशी जोडलेले मानसिक विकार येतात. दोन तज्ज्ञांनी तपासून, ठरावीक परिस्थितीत, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर माणसाला मर्यादित काळ दाखल करता येतं. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक गोष्ट आहे जी तेव्हा वाचून मी चिडलो होतो. एखाद्याचा उपचारांबाबतचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता गेली असं धरायचं नाही. मला वाटलं, हे लिहिणाऱ्यांच्या घरी फाटकाची कडी खडखडत नसेल.

*

पावडर आईनं मागवली, पण पैसे मी पाठवले. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी बरेच दिवस "आईनं दिलं" असंच सांगत होतो.

पार्सल आलं. पांढऱ्या पुड्या, त्यावर घटक लिहिलेले नाहीत. फोनवरचा माणूस म्हणाला, वरणात टाका, चव लागत नाही. आईनं तुरीच्या वरणात कालवायला सुरुवात केली. ज्या माणसाला तुरीचा दाणा हातात घेऊन कुठल्या तालुक्याचा ते सांगता येतं, त्याला वरणातलं ते कळलं नाही.

आमच्या कामात याला सायलेंट अपडेट म्हणतात. वापरणारा झोपलेला असताना त्याच्या फोनमध्ये सुधारणा उतरते, सकाळी त्याला फोन थोडा बरा चालताना दिसतो. मला तेव्हा ही उपमा खूप पटली होती.

2021 च्या डिसेंबरमध्ये आत्याच्या मुलाची हळद होती, मूर्तिजापूरजवळच्या एका गावात. बाबा मंडळींसोबत मांडवामागे गेले. पंधरा मिनिटांनी कुणीतरी ओरडत आलं. बाबांचा चेहरा आणि मान विटेसारखी लाल, छाती धडधडत होती, उलट्या, आणि मग ते खाटेवरून खाली सरकले. 108 ला फोन केला. दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ते फार खाली होतं. त्यांनी भराभर विचारलं, "कुठली गोळी सुरू आहे? दारूची काही सुरू आहे का?" आई गप्प. मी गप्प. बाबा शुद्धीवर होते, मान हलवून नाही म्हणत होते. आणि ते खरंच बोलत होते.

मग मी सांगितलं. सांगितल्याशिवाय डॉक्टरांना काही करता येत नव्हतं, आणि बाबांपासून लपवून सांगायला तिथे जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं, आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी लक्षणांवरून अंदाज केला, डायसल्फिराम असणार. ते नशिबानं वाचले. हृदय आधीच कमजोर असतं तर वाचले नसते, हेही त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, आवाज न चढवता.

घरी आल्यावर बाबा दारूवरून काही बोलले नाहीत. फक्त घरचा चहा बंद केला. सकाळी उठून टपरीवर जायचे. जेवणाच्या वेळी स्वतः कुकर लावायचे, मूगाची खिचडी, आणि तो कुकर उघडेपर्यंत ओट्याजवळ उभे राहायचे. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले, तिच्यासमोर. आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. हे तीन महिने चाललं. पिणंही चालू होतं, आधीपेक्षा जास्त.

*

पुढे जे झालं त्यात आमचा हात नव्हता. मिलमध्ये एक हमाल आहेत, त्यांची दारू सुटून सहा वर्षं झाली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाबांना विचारलं, "मुनीमजी, झोप येते काय तुमाले?" बस, एवढंच. बाबांना कित्येक वर्षांत कुणी दारूबद्दल उपदेशाशिवाय काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "नाई येत." हमाल म्हणाले, "मलेबी नाई ये. रविवारी याल काय माह्यासंग?"

ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग होती, शाळेच्या एका वर्गात. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. तिथे बाबा पहिल्या चार रविवारी एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या रविवारनंतर मला फोन आला, "अमरावतीले डॉक्टर पाहून ठेव. अकोल्यात नको, वळखीचे लोक भेटतात."

2022 चा जून होता. अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा नुकताच 105 तास 33 मिनिटांत डांबरी करून झाला होता, गिनीज बुकात नाव गेलं होतं. त्या गुळगुळीत रस्त्यावरून आम्ही ताईच्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मूर्तिजापूर आलं तेव्हा गाडीत कुणी बोललं नाही.

डॉक्टरांनी बाबांशी पाऊण तास बोलून घेतलं, आम्हाला बाहेर बसवून. मग आत बोलावलं. पर्याय सगळे मांडले: ओढ कमी करणारी औषधं, समुपदेशन, काही दिवस दाखल होणं, आणि डायसल्फिराम. लिव्हरच्या आणि हृदयाच्या तपासण्या केल्याशिवाय नाही, हेही. बाबांनी डायसल्फिराम निवडलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, आणि गोळी सुरू असताना प्यायलात तर काय होतं. बाबा म्हणाले, "काय होते थे माहीत हाय मले." त्यांनी सही केली. आणि मग स्वतःच म्हणाले, "गोळी हिच्या हातानं घेईन. रोज सकाळी, माह्या डोळ्यासमोर."

म्हणजे बघा. तेच रसायन, त्याच बाईचा हात, तेच घर. डिसेंबरमध्ये ते विष ठरलं आणि जूनमध्ये औषध. फरक फक्त त्यांना माहीत असण्याचा.

*

हा फरक केवळ नैतिक असेल, 'माणसाचा मान राखला' एवढाच, असं मला वाटायचं. मग एका रात्री मी त्या औषधावरचं संशोधन वाचत बसलो.

डायसल्फिराम करतं ते एवढंच: शरीर दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विषारी ॲसिटाल्डिहाइड साचतं, आणि माणसाची अवस्था बाबांसारखी होते. 1940 च्या दशकात कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे औषध जंतांवर चालतं का ते तपासत होते. स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर थोडीशी दारू घेतली तरी त्रास होतोय हे लक्षात आलं. आपण काय गिळलंय हे ठाऊक होतं, म्हणून त्यांना दोन गोष्टींचा संबंध लावता आला. आमच्या बाबांना हळदीच्या रात्री तो लावता येणं शक्यच नव्हतं. आम्ही सांगितलं नसतं तर त्यांनी 'माल खराब होता' म्हणून दुसऱ्या दुकानातून आणली असती.

2014 मध्ये या औषधाच्या बावीस अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ज्या चाचण्यांत पेशंटला आपण काय घेतोय हे माहीत होतं, तिथे डायसल्फिरामचा चांगला फायदा दिसला. ज्या चाचण्यांत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे झाकलेलं होतं, तिथे दोन्ही गटांत फरक दिसला नाही. एरवी औषधांच्या जगात झाकून केलेली चाचणी जास्त भरवशाची. इथे झाकलं की परिणामच गायब, कारण ही गोळी दारू सोडवत नाही. आज घेतली आहे, म्हणजे आज संध्याकाळचा प्रश्न मिटला, हे जे सकाळी सातला ठरतं, ते काम करतं. वरणात कालवून आम्ही त्यातलं नेमकं तेच काढून टाकलं होतं.

हे मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सकाळी थे सोताच म्हणत ना, सोडव बापा मले यातून. रडत. मी सकाळच्या माणसाचं आयकलं. संध्याकाळच्याले कायले इचारू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बरेच दिवस नव्हतं. एका शरीरात दोन माणसं राहत असतील तर संमती कुणाची घ्यायची? आई मूर्ख नव्हती, क्रूर तर मुळीच नव्हती. 1919 मध्ये 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपण सिंधूच्या सोसण्यावर रडत आलो आहोत. बायकोनं एकतर सोसायचं किंवा गुपचूप काहीतरी करायचं, तिसरी वाट तिला कुणी दाखवत नाही. आईनं वीस वर्षं पहिलं केलं आणि काही महिने दुसरं.

आता मला जे वाटतं ते असं. सकाळच्या माणसाचं ऐकायचं होतं तर सकाळीच त्याला सांगायचं होतं. "तुम्ही म्हणता ना सोडव, मग ही गोळी, हिचं असं असं होतं, घेता का?" तो तेव्हा कदाचित नाही म्हणाला असता. आम्ही ज्याला घाबरत होतो ते त्या नकाराला. पावडर बाबांपासून लपवली, त्याहून जास्त ती आम्हाला त्या 'नाही'पासून लपवत होती. डॉक्टरांच्या केबिनमध्ये झालं ते हेच की सकाळच्या माणसानं संध्याकाळच्या माणसाचे हात स्वतः बांधून घेतले, आणि दोरीचं टोक कुणाच्या हातात द्यायचं तेही स्वतः ठरवलं. आपल्याकडे माळ घालणारे हेच करतात. चारचौघांत माळ घालतात, म्हणजे उद्या मोह झाला तर सगळं गाव पाहील. पण माळ स्वतः घालायची असते. आईनं एकदा बाबांना शेगावला नेऊन शपथ घ्यायला लावली होती. ती येताना बसमध्येच विरली.

*

मूर्तिजापूरवरून जाताना मला हल्ली गाडगेबाबा आठवतात. शेंडगावचा डेबूजी, जन्म 1876. वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि आई पोराला घेऊन दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात, माहेरी आली. म्हणजे हाच टापू, हीच गोष्ट. पुढे कीर्तनात ते दारूवर बोलत, पण त्यांची पद्धत सवाल करण्याची होती. ते विचारत, लोक उत्तर देत, पुन्हा विचारत. निष्कर्ष लोकांच्या तोंडून यायचा.

1983 मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसनी माणसाशी बोलण्याची एक पद्धत मांडली, तिच्यात समुपदेशक उपदेश करत नाही. तो विचारतो, ऐकतो, आणि बदलाचं कारण पेशंटच्या तोंडून येईपर्यंत थांबतो. गोव्यात संगाथ या संस्थेनं याच धाटणीचं समुपदेशन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेलं. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठका फार तर चार. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर आलेले 36 टक्के, आणि हे समुपदेशन न मिळालेल्यांत 26. शंभरात दहा जास्त. हे पुरुष बाबांइतके खोल गेलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पण चार वेळा नीट विचारल्यानं एवढं होत असेल, आणि आमच्या बाबांना वीस वर्षांत एका हमालाशिवाय कुणी विचारलं नसेल, तर 'त्याला बरं व्हायचंच नाही' हे आम्ही कशावरून ठरवलं होतं?

आई मात्र तिच्या जागी ठाम आहे. ती म्हणते, हळदीच्या रात्री मरण पाहिलं म्हणूनच ते मीटिंगला गेले. पावडर नसती तर आजही पीत असते. मी म्हणतो, पावडरनंतर तीन महिने ते जास्त पीत होते. ती म्हणते, भीती मुरायले वेळ लागते. यात कोण बरोबर हे मला सिद्ध करता येणार नाही. एकच आयुष्य आहे, पावडरीशिवायचं दुसरं चालवून बघता येत नाही. समजा तिचं खरं असेल, तरी दुसऱ्या कुणाला तो नंबर देण्याइतकं ते पुरेसं आहे का? बाबांच्या वाचण्यात आमची अक्कल किती आणि त्यांचं हृदय किती, हे त्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

मधल्या काळात बाबा दोनदा घसरले. दोन्ही वेळा आधी गोळी बंद केली, आईला तसं सांगून. "आजपासून नको देऊ." ती रडली, भांडली, पण वरणात काही टाकलं नाही. दोन्ही वेळा ते काही आठवड्यांनी परत अमरावतीला गेले. आता दीड वर्ष झालं. घरचा चहा पितात. मी दिवाळीत गेलो तेव्हा चहा मीच केला होता. कप हातात दिला, तर त्यांनी आत एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साखर जास्त हाय वाट्टे." प्यायले.

*

मित्राला काल रात्री उत्तर लिहिलं. बरंच लांब झालं. लिहिलं की इर्विनला मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. 14416 हा टेलि-मानसचा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. 14446 हा व्यसनमुक्तीचा. दादाच्या आधी तू स्वतः लाव, घरच्यांनीही लावायचा असतो. दादा रोज पीत असेल तर त्याला कोंडून एकदम बंद करू नका. हमालकाकांचं सांगितलं, ते अमरावतीला यायला तयार आहेत, भाड्याचे पैसे मी देतो.

पावडरचा नंबर दिला नाही. का दिला नाही ते सगळं लिहायला घेतलं होतं, ते पुसलं. त्याऐवजी विचारलं, "दादा सकाळी किती वाजता उठतो?"

त्याचं उत्तर आलं, "सातले. काऊन?"